पवारणेची दुपार

"पंखा एक, अन् त्याच्याखाली सारे बाप्ये. आपुन बायांनी काय उकडून मरा," तानाबाई कुरकुरली. तिचं तोंड अंबूबाईच्या कानाशी इतकं जवळ होतं की आधी तंबाखूचा वास आला नि शब्द मागून आले. "अन् सतरंजी कोणं झटकली नाई. पाह्य, लुगडं पाह्य माझं. पांढरं नेसा म्हणते अन् धुळीत बसवते."

अंबूबाईने पाहिलं. लुगड्यावर धूळ होती. तिने मान हलवली. वर्षभरात तिला हे छान जमायला लागलं होतं. कोणी काही दाखवलं की पाहायचं, मान हलवायची नि पुन्हा समोर बघत राहायचं. लोकांना वाटायचं, बाई सावरली.

आश्विन पौर्णिमा होती. तीन महिन्यांचा वर्षावास आज संपत होता. आषाढापासून रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन झालं, पाळीपाळीने घरोघरची खीर झाली. शेवटच्या महिन्यात खीर पातळ होत गेली, असं तानाबाईचं म्हणणं होतं, आणि तिच्या घरची पाळी शेवटच्या महिन्यातच होती. आज भंतेंचं भोजन बाराच्या आत उरकून सगळी वस्ती विहारात येऊन बसली होती. एरवी समारोपाला पोरांची भाषणं व्हायची, तालुक्याचा एखादा पाहुणा उशिरा यायचा नि लवकर जायचा. यंदा भाषणं नव्हती. यंदा संघपालचा निकाल होता.

खरा निकाल सोमवारी बुलडाण्याला, बाल न्याय मंडळापुढे लागायचा होता. पण तिथल्या मॅडम आज मुद्दाम आल्या होत्या. परिविक्षा अधिकारी असा त्यांचा हुद्दा, पण तेवढं बोलायला जीभ कोणाची वळणार, म्हणून सगळे नुसतं मॅडम म्हणत. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसा म्हटलं तर त्या खालीच बसल्या, आणि मांडी घालायची सवय नसल्याने दर पाच मिनिटांनी पाय बदलत होत्या. त्यांच्या मांडीवर फाईल होती. फाईलीत एक कागद. ज्या घराचं नुकसान झालं त्या घराने आपलं म्हणणं त्यावर लिहून द्यायचं होतं. आमची काही तक्रार उरली नाही, असं लिहिलं तर पोरगा आपल्या आईजवळ राहणार, चिखलीच्या आयटीआयला जाणार. नाही म्हटलं तर त्याला दूर कुठल्याशा सुधारगृहात धाडणार, नि तिथून पोरं कशी होऊन येतात याच्या गोष्टी अमडापूरच्या बाजारात भाजीसोबत फुकट मिळायच्या.

नुकसान झालेलं घर म्हणजे अंबूबाईचं घर. तिच्या अविनाशचा डावा डोळा गेला होता. अविनाशने सही करून झाली होती. तिच्या नवऱ्याची, भगवानरावांची सहीही झाली होती. ते विहार समितीचे अध्यक्ष, त्यांची सही तशी सगळ्याच कागदांवर आधी व्हायची. राहिली होती फक्त आई.

"तुमचंही म्हणणं हवं," मॅडम पंधरा दिवसांपूर्वी घरी येऊन म्हणाल्या होत्या. "घाई नाही. मनापासून वाटलं तरच."

अंबूबाईने मान हलवली होती. मनापासून काय वाटतं ते पाहायला ती रोज सकाळी चुलीपुढे बसून आत डोकावायची. आत काहीच नसायचं. सारवलेल्या रिकाम्या खोलीसारखं. मग ती भाकरी टाकायची.

आणि हे काही पोराच्या डोळ्यापासून सुरू झालं नव्हतं. डोळा नंतर गेला.

गेल्या साली धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर चार दिवसांनी ही गोष्ट घडली. संघपाल ज्वारीच्या मळ्यात मचाणावर होता, पाखरं हाकलायला. सोळा वर्षांचा पोरगा, हातात गोफण. शेजारच्या बांधावर अविनाश उभा. गोटा सुटला तो सरळ डोळ्यावर. संघपालची गोफण पंचक्रोशीत माहीत होती, उडता पोपट तो नुसत्या आवाजाने वळवायचा, कधी जखमी करायचा नाही. त्यामुळे चुकून लागला असं म्हणायची कोणाला सोय राहिली नाही. त्यानेही ती घेतली नाही. पोलिसांना म्हणाला, "हाव. म्या मारला." मंडळापुढे म्हणाला, "हाव." काऊन मारला, हे विचारलं की खाली बघायचा. ज्याने त्याने विचारून पाहिलं. वर्ष झालं, तो खालीच बघत होता.

भंते मॅडमना भेटायला आपणहून बुलडाण्याला गेले. पोरगं वर्षावासात विहारात राहू द्या, दोन्ही घरं दर अमावस्या-पौर्णिमेला समोरासमोर बसतील, मी मध्ये बसतो, असं त्यांनी सांगितलं. भंते आधी एसटीत कंडक्टर होते. चीवर घेऊन चौदा वर्षं झाली तरी माणसं बसली की अजून त्यांची नजर ओळीओळीने मोजत जायची, आणि आपल्या थांब्यावर न उतरलेला माणूस त्यांना बरोबर कळायचा. मंडळाने बघू म्हटलं. सरकारी बघू म्हणजे नकार नव्हे, हे कंडक्टरला माहीत होतं.

पहिल्या बैठकीत त्यांनी संघपालला एकच काम दिलं. "अविनाशची डावी बाजू आता तुझ्याकडे. तो चालेल तिथं तू त्याच्या डाव्या अंगाला."

अविनाशला तेव्हा डाव्या बाजूचं काहीच दिसायचं नाही. चौकटीला खांदा लागायचा, चहा कपाच्या बाहेर पडायचा, बाजारात डावीकडून आलेली सायकल अंगावर यायची. पहिल्या आठवड्यात त्याने संघपालला शिव्या दिल्या. दुसऱ्या आठवड्यात नुसता थुंकला. तिसऱ्या आठवड्यात अंबूबाई वावरातून येत होती, तेव्हा ही दोघं तिच्या पुढे चालत होती.

"काय आहे बे तिकडं?"

"गोटा."

"किती मोठा?"

"बस म्हटलं तर बसता येईन एवढा."

"मंग सरळ सांग ना, चांगला मोठा गोटा आहे."

"बसतं का?"

"चाल बे, गपचूप."

आणि अविनाश हसला होता. नऊ महिन्यांत पहिल्यांदा. अंबूबाई मागे चालत होती, डोक्यावर सरपण होतं. आईला यावेळी काहीतरी व्हायला पाहिजे, असं तिच्या मनात आलं. पण सरपण तेवढं डोक्याला रुतलं, बाकी काही झालं नाही.

संघपालला एक धाकटी बहीण होती. रुपाली. तेरा वर्षांची, सातवीत. तिचं नाव या तीन महिन्यांच्या सहा बैठकांत एकदाही निघालं नाही.

तिची आई कौशल्याबाई भगवानरावांच्या चुलतभावाची बायको, म्हणजे अंबूबाईची धाकटी जाऊ. नवरा सहा वर्षांपूर्वी कुठेसा निघून गेला. कुठे, ते तिने विचारलं नाही, शोधलंही नाही. तिची पोरं अंबूबाईला मोठमाय म्हणायची. अर्धं जेवण इकडे, अर्धं तिकडे.

गेल्या साली भगवानरावांनी शालिग्रामच्या सांगण्यावरून कपाशीचा सीडप्लॉट घेतला होता. शालिग्राम हा मधला माणूस. कंपनीला शेतं मिळवून द्यायची, शेतकऱ्याला कंपनीचं बी आणून द्यायचं, आणि दोघांनाही फोनवर हाव हाव म्हणायचं, हा त्याचा धंदा. लोक पेरतात ते बीटीचं बी आपोआप होत नाही. त्याचं लग्न हाताने लावावं लागतं. मादीच्या ओळीत उद्या फुलणाऱ्या कळ्या आज दुपारी नखाने सोलायच्या, आतले केसर काढायचे, खुणेला लाल कागद खोचायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी नराच्या ओळीतली फुलं तोडून आणायची आणि एकेक फूल त्या सोललेल्या कळीवर फिरवायचं. हे अकराच्या आत. ऊन चढलं की कळी गेली. आदल्या दिवशीची सगळी दुपार मातीत. याला नखं बारीक लागतात, कंबर लवचीक लागते, म्हणून पोरी लागतात. कागदावर पोरी लावायच्या नाहीत असं होतं. कंपनीचा माणूस येणार असला की शालिग्रामचा फोन यायचा आणि पोरी तुरीत जाऊन बसायच्या. त्यांना ती लपाछपीच वाटायची.

भाद्रपदातली सकाळ. आदल्या संध्याकाळी शालिग्रामचा फोन आला होता की परवा साहेब प्लॉट पाहायला येतो, पानावर तुडतुडे दिसले तर प्लॉट रद्द. म्हणून पहाटेच फवारा मारला. पंप अविनाशच्या पाठीवर होता. विहिरीवरून पाण्याच्या कॅन संघपालने वाहिल्या, नि तो उजाडताच ज्वारीवर गेला. आठ वाजता पोरी आल्या. पानं अजून ओली होती. अंबूबाई वावराच्या धुऱ्यावर उभी होती नि तिच्यासमोर हजारावर सोललेल्या कळ्या होत्या, प्रत्येकीला लाल कागद.

"मोठमाय, वास येते व," रुपाली म्हणाली होती.

"ओढणी बांधा तोंडाले. अन् चला लवकर, ऊन चढून राह्यलं."

एवढंच ती बोलली. ती काही दुष्ट बाई नव्हती. आजवर तीही फवाऱ्यात गेली होती, आणि फवाऱ्याला सगळे औषधच म्हणायचे. थोडं डोकं दुखायचं, ताक प्यालं की उतरायचं. पण ती उंच होती. रुपाली कपाशीच्या शेंड्याएवढी. ओली पानं तिच्या नाकातोंडावरून जात होती, नि दोन्ही हात रिकामे राहावेत म्हणून ती नराची फुलं दातात धरायची. दहाला ती ओकली. अंबूबाईने तिला लिंबाच्या सावलीत बसवून ताक पाजलं. अकरापर्यंत कळ्या झाल्या. दुपारी पोरीच्या तोंडाला फेस आला.

मेहबूबचा टेम्पो मिळाला. तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर तरुण होते. त्यांनी पापणी वर केली, टॉर्च मारला आणि विचारलं, "शेतात फवारणी केली होती का? औषध वगैरे?"

कौशल्या तेव्हा बाहेर नाव नोंदवत होती. भगवानराव म्हणाले, "नाई साहेब. दोन दिवसांपासून तापच होता पोरीले."

डॉक्टरांनी पुन्हा विचारलं. "नक्की? तसं असेल तर सांगा, त्याची सुई वेगळी असते." आणि त्यांनी अंबूबाईकडे पाहिलं. अंबूबाईने सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. थेंब पडत होते. भगवानराव म्हणाले, "नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपाली गेली.

नंतर सगळं रीतीने झालं. पुण्यानुमोदनाचा स्वयंपाक अंबूबाईच्या अंगणात शिजला. कौशल्याच्या घरावर नवी टिनं आली. पोरीला ताप होता, असं कौशल्यानेही चौकशीला आलेल्या मास्तरांना सांगितलं, कारण वावरात अचानक ताप चढला, असं तिला सांगण्यात आलं होतं. मेहबूब एकदा म्हणाला, "काकी, गाडीत दवाईचा वास दोन दिवस जात नव्हता." अंबूबाई म्हणाली, "उलटीचा असंन." तो भला माणूस. पुन्हा काही म्हणाला नाही. वस्तीत तर सगळ्यांनाच ठाऊक होतं की त्या पहाटे पंपाचा आवाज येत होता. कोणी काही म्हणालं नाही. कोणाकोणाच्या पोरी त्याच प्लॉटमध्ये होत्या. कोणाकोणाचा प्लॉट पुढच्या साली ठरायचा होता.

तेवीस दिवसांनी संघपालने गोफण मारली.

श्रावणातल्या बैठकीत भंतेंनी सांगितलं होतं की भिक्खूंमधली भांडणं मिटवायच्या सात रीती आहेत. त्यातली शेवटची गवताची. दोन्ही बाजूंनी इतकं काही झालं असेल की उकरत बसलं तर संघच मोडेल, तेव्हा सगळ्यांनी मिळून त्यावर गवत पसरायचं नि उठायचं. ही रीत भगवानरावांना फार आवडली. पारावर, बाजारात, जो भेटेल त्याला ते गवताची गोष्ट सांगायला लागले. भंतेंनी लगेच पुढे हेही सांगितलं होतं की मोठ्या दोषावर गवत चालत नाही, ते फक्त लहानसहान गोष्टींवर. ते भगवानरावांनी काही ऐकलं नाही. त्यांचे कान तसे चांगले आहेत.

आणि आता गेल्या आठ दिवसांपासून टीव्हीवर तेच चाललं होतं. तिकडे यवतमाळकडे फवारणी करता करता माणसं मेली होती. पेपरात फोटो येत होते, दवाखान्यात डोळ्यांवर पट्ट्या बांधून झोपलेली माणसं. आज भोजनदानानंतर पोरांनी शेव-चिवडा वाढायला कागद पसरले, तर त्यातल्या एकावर तीच बातमी वर आली. शालिग्राम त्या कागदाशेजारीच बसला होता. त्याने कोणी पाहायच्या आधी चिवड्याची पुडी तिच्यावर उपडी केली. मग तो चिवडा कोणी खाल्ला नाही.

"बसा नीट," भंते म्हणाले.

ते आसनावरून उठले आणि सगळ्यांसमोर खाली आले. उकिडवे बसले, हात जोडले. सतरंजीवर चुळबुळ झाली. भंतेंनी उपासकांपुढे असं बसायचं असतं का, हे कोणालाच माहीत नव्हतं.

"आज पवारणा," ते म्हणाले. "खरं म्हणजे हे भिक्खूंनी भिक्खूंपुढं करायचं. पण इथं मी एकटाच, आणि तीन महिने मला तुम्हीच पाहिलंत. तेव्हा माझ्या मनानं मी हे तुमच्यापुढं करतो. या तीन महिन्यांत माझा दोष तुम्ही पाहिला असेल, ऐकला असेल, किंवा नुसती शंका आली असेल, तर माझ्यावर दया करून सांगा. मी सुधारीन."

मग तानाबाई म्हणाली, "भंतेजी, राग नका मानू. तुमी पहाटी पाचला लाऊडस्पीकर लावता. माह्या सुनेचं लेकरू तवाच झोपते."

लोक हसले. भंते हसले नाहीत. "बरोबर. उद्यापासून नाही लावणार. आणखी?"

"खिरीले नावं ठेवता," मागून एक जण म्हणाला.

"ते मी नाही, तानाबाई," भंते म्हणाले. पुन्हा हसू झालं. सगळ्यांना बरं वाटलं. असंच हसतखेळत आटोपेल असं वाटायला लागलं. मॅडमनी पाय बदलला.

मग भंतेंनी संघपालकडे पाहिलं.

तो अविनाशच्या डाव्या बाजूला बसला होता. उठून पुढे आला, भंतेंसारखाच उकिडवा बसला. हनुवटीवर दोनचार केस आले होते. त्याची आई भिंतीला टेकून होती, पदर कानावरून घट्ट ओढलेला.

"म्या गोफण मारली," तो म्हणाला. पाठ केल्यासारखं, पण पाठ केलेलं नव्हतं. "अविनाशदादाचा डोळा माह्यानं गेला. मी ते परत देऊ शकत नाई. तुमी माहा दोष पाह्यला असंन, ऐकला असंन, शंका आली असंन, तर सांगा."

अविनाश म्हणाला, "माहं झालं सांगून. सही केली म्या." आणि मग, "चालताना बडबडते फार, तेवढं कमी कर म्हणा."

मॅडमनी फाईल बंद केली, पुन्हा उघडली. "संघपाल, तुला मी जबरदस्ती करत नाही. पण एक गोष्ट माझ्या अहवालात अजून रिकामी आहे. तू गोफण का मारलीस?"

भगवानरावांचं खाकरणं सगळ्यांना ऐकू गेलं.

"पोट्टं आहे मॅडम," शालिग्राम दाराजवळून म्हणाला. "रागात असंन. या वयात पोट्ट्याईले कायचाही राग येते. आता झालं, मिटलं. दोन्ही घरं एकच आहेत ही."

"एकच घर," भगवानराव म्हणाले. "आमचं काही म्हणणं नाई. सांगितलं ना भंतेजींनी, गवत टाका."

"मी त्याला विचारलं," मॅडम म्हणाल्या.

संघपालने मान वर केली नाही. पण ओठ हलले. इतके दिवस जो नुसता खाली बघायचा, तो खाली बघूनच बोलला.

"पाणी म्या आणलं होतं."

"कसलं पाणी?"

भिंतीकडची त्याची आई जराशी पुढे झाली.

"प्यायचं असंन," शालिग्राम म्हणाला. "वावरात पाणी पोचवाचं काम त्याच्याकडंच रायते, मॅडम. दुपारी उशीर झाला असंन, त्यावरनं बोलला असंन अविनाश काही. हे असंच असते. प्यायच्या पाण्यावरून."

मॅडमनी लिहायला सुरुवात केली. अंबूबाईला त्यांचा पेन दिसला. प्या, य, चं. अक्षरं मोठी होती, दुरूनही लागत होती. संघपालने तोंड उघडलं, मिटलं. आणि मग मान हलवली. हो की नाही, कळलं नाही. कोणी काही दाखवल्यावर अंबूबाई हलवायची तशीच ती मान होती.

"बरं," मॅडम म्हणाल्या आणि कागद घेऊन गुडघ्यांवर सरकत बायांच्या बाजूला आल्या. "ताई, तुमचं तेवढं राहिलं. इथं लिहिलंय ते वाचते. 'झालेल्या नुकसानीबद्दल मी सदर मुलास मनापासून माफ केले असून माझी त्याच्याविरुद्ध कोणतीही तक्रार नाही.' पटत असेल तर इथं सही. नसेल पटत तर तसंही सांगा, कोणी काही म्हणणार नाही."

"कर व सही," तानाबाई कानाशी म्हणाली. "पोट्टं सुटून जाईन बिचारं. पुण्याचं काम आहे."

अंबूबाईने पेन हातात घेतला. सही तिला येत होती. प्रौढ साक्षरतेच्या वर्गात शिकली होती ती आणि कौशल्या, दोघी एका पाटीवर. कौशल्याचं अक्षर चांगलं होतं. तिने मान वर केली तर कौशल्या तिच्याकडेच बघत होती. डोळ्यांत राग नव्हता. विनवणी होती. पोरगा सोड माझा, जाऊबाई. वर्षभर अंबूबाईला हीच भीती होती, की कौशल्या आपल्याकडे अशी बघेल. आपण मोठं व्हायचं, माफ करायचं, आणि तिने आपल्या पाया पडायचं. संध्याकाळी ती खरंच पाया पडायला येईल. पोरालाही घेऊन येईल. तो वाकेल. आपण त्याच्या डोक्यावर हात ठेवू.

यंदा साधंच बीटी लावलं होतं. बोंडं वरून हिरवीगार, फोडली की आत गुलाबी अळी. परवा तिने वावरात बसून वीस-पंचवीस बोंडं फोडली. एक झालं की दुसरं. काही वाटलं नाही. अविनाश दवाखान्यात ओरडत होता तेव्हाही वाटलं नव्हतं. आपल्याला आता काही वाटतच नाही, असं तिने धरून ठेवलं होतं, नि ते बरं होतं. एखादा हात झोपून जातो, तो दुखत तर नाही.

हात कागदावर होता. सही अं पासून सुरू व्हायची. 'अं' झाला.

"सावकाश, ताई," मॅडम म्हणाल्या.

अंबूबाईने पेन खाली ठेवला.

"मोठमाय," संघपाल म्हणाला. "नसंन करायची तर नको करू. म्या मारला ना."

"तू चूप रायजो," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, फार दिवस न वापरलेला. "मॅडम, ते खोडा."

"काय खोडू?"

"प्यायचं. प्यायचं नव्हतं ते पाणी."

"अंबू," भगवानराव म्हणाले. इतक्या हळू की नवऱ्याने बायकोला घरात हाक मारावी तसं. "तब्येत बरी नाई तिची, मॅडम. वर्ष झालं. चाल, घरी चाल."

"बसू द्या त्यांना," भंते म्हणाले. ते अजून उकिडवेच बसले होते.

शालिग्राम दारात चप्पल शोधत होता. अविनाशने मान वळवली, आधी उजवीकडे, मग पूर्ण फिरवून डावीकडे, आईकडे. त्याचा चांगला डोळा तिच्यावर आला आणि तिथेच थांबला. पहाटे पंप त्याच्या पाठीवर होता. त्याला काय ऐकायचं नव्हतं ते तिला दिसलं. तरी ती थांबली नाही.

ती मॅडमशी बोलली नाही, भंतेंशीही नाही. तिने भिंतीकडे तोंड केलं.

"कौशल्या, ते पाणी पंपाचं होतं. पहाटी फवारा झाल्ता. पानं ओली होती. पोट्टी म्हणे मोठमाय वास येते, अन् म्या म्हटलं ओढणी बांधा. कळ्या वाया जातीन म्हणून. दवाखान्यात डॉक्टरनं दोनदा इचारलं, फवारा केलता का. तू बाहेर होती. म्या तिथं उभी होती, अन् म्या सांगतलं नाई. सांगतलं असतं तर त्यानं दुसरी सुई देल्ली असती. ताप नव्हता व तिले. तुही रुपाली आमच्या फवाऱ्यानं मेली."